मॅडम, आज ढग नाहीत!

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. मागच्या वर्षी नोव्हेंबरात दोन टेम्पो ट्रॅव्हलर भरून पोरापोरींना चाकणच्या पुढे भामा आसखेड धरणाकाठी नेऊन रात्रभर ढगांखाली बसवून ठेवलं, ती व्यक्ती म्हणजे मीच. माणशी वर्गणी घेतलेली, मेसच्या मामांकडून पराठे बांधून घेतलेले, टेलिस्कोप गादीत गुंडाळून नेलेला. दिसलं काय? तर एकदा अर्धा मिनिट चंद्र! सोमवारी सबमिशन होतं आणि रविवारी सगळे झोपले. त्याचं पापही माझ्याच माथी.

(दुसरी कबुली म्हणजे मी कॉन्व्हेंटची. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी सुधारल्या असतील, उरल्या असतील तर त्यांना विचारा.)

सगळ्यात वाईट म्हणजे मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं की आकाश निरभ्र आहे. पुरावा होता माझ्याकडे! उपग्रहाचं चित्र. संध्याकाळी सहाचं, ताजं. अख्खा महाराष्ट्र काळाभोर, ढगाचा ठिपका नाही. परत आल्यावर रेक्टर मॅडमनी शांतपणे सांगितलं, "पुढच्या वेळी परवानगी हवी असेल तर त्या दिवशी दुपारी बारापर्यंत लेखी द्यायचं की आकाश स्वच्छ राहील. नाही राहिलं तर या वर्षी नाइट-आउट बंद. सगळ्यांची." म्हणजे माझ्या एका सहीवर अख्ख्या अ‍ॅस्ट्रो क्लबचं वर्ष! मग डिसेंबरपर्यंत मी जो अभ्यास केला तो हा. थर्मोडायनॅमिक्सला एवढा केला असता तर... जाऊ दे.

आधी माझी चूक. रात्री उपग्रह जे चित्र देतो ते फोटो नसतो, कारण उजेडच नसतो. इन्सॅट-३डीआर (२०१६ साली सोडलेला) किंवा इन्सॅट-३डीएस (२०२४) हे उपग्रह अवरक्त किरणांत, साधारण १०.८ मायक्रॉनच्या आसपास, खालच्या वस्तूंचं तापमान मोजतात. गार ते पांढरं, गरम ते काळं. दहा-बारा किलोमीटर उंचीवरचा ढग उणे चाळीस-पन्नास अंशांचा असतो, तो चित्रात दुधासारखा पांढरा उमटतो. पण जमिनीपासून एक किलोमीटरवरचा ढग जमिनीपेक्षा किती गार असणार? फार तर सहा-सात अंश. त्यात रात्री जमीन स्वतःच थंड होत जाते. मग ढग आणि जमीन दोघंही सारख्याच करड्या रंगाचे! उपग्रहाच्या लेखी ढग नाहीच. आमच्या डोक्यावर नेमका तसला खालचा, गोधडीसारखा पसरलेला थर होता. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा झालेला आणि तिकडून पूर्वेचे दमट वारे येत होते. ही बातमी पेपरातही होती. मी फक्त चित्र बघितलं.

तेव्हा पहिला नियम. रात्रीचं चित्र बघायच्या आधी संध्याकाळी साडेपाच-सहाच्या आतलं 'व्हिजिबल' चित्र बघा. त्यात सूर्यप्रकाश असतो, त्यामुळे खालचे ढग लपत नाहीत. अजून एक 'वॉटर व्हेपर' नावाचं चित्र मिळतं. ते दिसायला फार सुंदर, पण ते मुख्यतः वरच्या हवेतली वाफ दाखवतं, खालच्या थराबद्दल काहीच सांगत नाही. आणि रडारवर बिलकुल विसंबू नका. रडारला पावसाचे थेंब दिसतात, ढगातले बारीक कण नाही. रडार कोरं म्हणजे पाऊस नाही, एवढाच अर्थ.

आता माझा लाडका विषय, विमानतळाचा रिपोर्ट. लोहगाव विमानतळावरून दर तासा-अर्ध्या तासाला हवेची नोंद जाहीर होते, तिला 'मेटार' म्हणतात. पायलटसाठी असते, पण इंटरनेटवर कोणालाही मिळते. पुण्याचा कोड 'व्हीएपीओ'. बघितल्यावर आधी सांकेतिक तार वाटते, पण पाच मिनिटांत जमतं. वेळ ग्रीनिचची, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. मग वारा, मग दृश्यमानता मीटरमध्ये. पुढे 'एचझेड' म्हणजे धुरकट हवा, 'एफयू' म्हणजे धूर, 'बीआर' म्हणजे विरळ धुकं. मग ढग. आकाशाचे आठ भाग करायचे आणि किती झाकलेत ते मोजायचं. 'एफईडब्ल्यू' म्हणजे एक-दोन भाग, 'एससीटी' तीन-चार, 'बीकेएन' पाच ते सात, 'ओव्हीसी' म्हणजे आठच्या आठ, घरी बसा. शेवटी तिरक्या रेघेच्या दोन बाजूंना दोन आकडे, तापमान आणि दवबिंदू. आमच्या त्या नोव्हेंबरच्या रात्री साडेसातला तिथे चोवीस आणि वीस होते आणि ढग 'बीकेएन'. हे सगळं निघायच्या आधी उघड्यावर पडलेलं होतं! मी बघितलं दुसऱ्या दिवशी.

पण यातही एक खोच आहे. ढगांच्या जागी 'एनएससी' लिहिलेलं असलं की आनंदाने उड्या मारू नका. त्याचा अर्थ 'विमानांच्या दृष्टीने महत्त्वाचा ढग नाही' एवढाच. म्हणजे ढोबळमानाने पाच हजार फुटांखाली काही नाही आणि गडगडाटी ढगही नाही. वर तंतुमेघांचा पातळ पदर असेल तर पायलटला फरक पडत नाही, आपल्याला पडतो. त्या पदरातून गुरू-शुक्र दिसतील, पण देवयानी दीर्घिका गायब. म्हणून मेटार खालच्या ढगांसाठी, अवरक्त चित्र वरच्या ढगांसाठी. एकाला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसतं. ही जोडी मला आधीच कोणी सांगितली असती तर पराठे वाया गेले नसते.

हवामान खात्याच्या अंदाजातले शब्दही मोजूनमापून वापरलेले असतात. 'अंशतः ढगाळ' म्हणजे आठातले तीन-चार भाग झाकलेले. शेतकऱ्याला किंवा कपडे वाळत घालणाऱ्याला यात काही वाईट नाही. पण टेलिस्कोपवाल्याला अर्धं आकाश म्हणजे नेमकं हवं ते अर्धं की नको ते, हा प्रश्न उरतोच.

इथपर्यंत ढगांचं झालं. पण ढग नाहीत म्हणजे आकाश चांगलं, असं मुळीच नाही. निदान आपल्या पिंपरी-चिंचवडात तरी नाही. इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. पहिली पारदर्शकता, म्हणजे हवेत धूळ, धूर, ओल किती. दुसरी हवेची स्थिरता, हिला हौशी मंडळी 'सीइंग' म्हणतात, म्हणजे प्रतिमा किती थरथरते. गंमत अशी की या दोघींचं बऱ्याचदा पटत नाही. पावसाची सर येऊन गेली की हवा धुतल्यासारखी स्वच्छ होते, तारे भरपूर दिसतात, पण वर हवेत खळबळ असेल तर टेलिस्कोपमधून गुरू उकळत्या पाण्याच्या तळाशी ठेवल्यासारखा दिसतो. उलट डिसेंबरातल्या शांत रात्री बघा. वारा पडलेला. जमीन झपाट्याने गार होते, तिला चिकटलेली हवाही गार होते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. यालाच इन्व्हर्जन म्हणतात. भोसरी, चाकणच्या चिमण्या, हायवेचे ट्रक, शेकोट्या, सगळ्यांचा धूर त्या झाकणाखाली कोंडतो. पवना आणि इंद्रायणीच्या काठाने तर पहाटे धुरकं आणि धुकं यांतला फरकच कळत नाही. त्यात एमआयडीसीचे दिवे! धुरकट हवेत उजेड विखुरतो आणि अख्खं क्षितिज पिवळट-पांढरं होतं. पण हीच हवा स्थिर असते. दीर्घिका, तेजोमेघ विसरा. ग्रह मात्र कोरून काढल्यासारखे दिसतात.

मेसच्या मामांना शनी बघायचा होता. त्यांना साडेसाती चालू आहे असं कोणीतरी सांगितलेलं, आणि "जो आपल्याला एवढा त्रास देतो तो दिसतो तरी कसा" हे त्यांचं म्हणणं. मला पटलं. डिसेंबरातल्या एका धुरकट संध्याकाळी क्लबची मुलं म्हणाली, आज काय दिसणार, राहू दे. मी म्हटलं, आजच! पण गच्चीवर नाही. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापलेला असतो, तो मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो आणि त्या वर चढणाऱ्या हवेतूनच आपण बघत असतो. त्यातून कडेला एसीचे आउटडोअर युनिट. आम्ही टेलिस्कोप क्रिकेटच्या ग्राउंडवर गवतात लावला, आरसा बाहेरच्या हवेइतका गार व्हायला पाऊण तास दिला आणि मग बघितलं. डोळ्यांनी मोजून दहा-बारा तारे दिसत होते, पण शनी कडीसकट एकदम स्थिर. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एवढासा?" आणि घरच्यांना फोन लावायला गेले.

सीइंगचा अंदाज घ्यायला साधी युक्ती आहे. व्याध बघा. तो लाल-निळा-हिरवा असा चमचमत असेल तर हवा खळबळलेली, ग्रहांचं विसरा. पारदर्शकतेसाठी कृत्तिका बघा, साध्या डोळ्यांनी सहा तारका मोजता आल्या तर आपल्याकडच्या मानाने उत्तम. आणि आधीच अंदाज हवा असेल तर २०० हेक्टोपास्कल पातळीवरच्या, म्हणजे साधारण बारा किलोमीटर उंचीवरच्या वाऱ्यांचा नकाशा बघा. हिवाळ्यात उत्तर भारतावरून वेगवान पश्चिमी झोत वाहतो. तो सहसा आपल्या उत्तरेला असतो. दक्षिणेकडे सरकला की आपलं सीइंग बिघडतं, आणि बरेचदा तंतुमेघही घेऊन येतो.

आता दव. धरणाकाठी ढगांनी आमचा एक फायदा केला, दव पडलं नाही. ढगांच्या पांघरुणाखाली वस्तू फार गार होत नाहीत. उघड्या आकाशाखाली मात्र फाइंडरची काच, आयपीस, टेलिस्कोपची नळी आपली उष्णता थेट आकाशात फेकत राहतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही एक-दोन अंश गार होतात. त्यामुळे हवा दवबिंदूला पोचायच्या आधीच काचेवर दव धरतं. दवबिंदू मेटारमध्ये मिळतो. नसेल तर मोबाइलवर तापमान आणि आर्द्रता बघून तोंडी हिशेब करा. शंभरातून आर्द्रता वजा करा, पाचने भागा, ते तापमानातून वजा करा. पंधरा अंश आणि ऐंशी टक्के असेल तर दवबिंदू अकरा. (आर्द्रता पन्नासच्या वर असेल तेव्हाच हे चालतं.) पहाटेचं अपेक्षित किमान तापमान या आकड्याच्या जवळ जात असेल तर दव पडणार, वाद नाही. उपाय ईअँडटीसीवाल्यांच्या हातचा. ३३० ओहमचे पाच रेझिस्टर पॅरलल जोडा, म्हणजे ६६ ओहम. बारा व्होल्टवर साधारण २.२ वॅट, प्रत्येकावर ०.४४, म्हणून एक वॅटचेच घ्या. फाइंडरभोवती पट्टीत गुंडाळा. करंट ०.१८ अँपिअर, यूपीएसची सात अँपिअर-अवरची बॅटरी रात्रभर सहज पुरते. काच दोन अंश उबदार राहिली की बास, भाजायची नाहीये.

जागेचंही तेच. धरणाचं पाणी फोटोत छान दिसतं, पण थंड हवा पाण्यासारखीच उतारावरून खाली वाहत येऊन खोलगटात साठते, आणि तिथे ओलही असते. काठापासून पन्नास-साठ मीटर वर माळावर गेलं तर हवा चक्क उबदार लागते. हे आम्ही डिसेंबरात स्वतः अनुभवलं.

खरं तर सगळ्यात जुना आणि भरवशाचा अंदाज म्हणजे कॅलेंडर. ग्रहण कधी ते शेकडो वर्षं आधी सांगता येतं, पण त्या मिनिटाला ढग असेल का ते आदल्या दिवशीही नक्की सांगता येत नाही. मात्र महिना खूप काही सांगतो. भारतातून दिसलेली खग्रास सूर्यग्रहणं घ्या. १६ फेब्रुवारी १९८० आणि २४ ऑक्टोबर १९९५, दोन्ही वेळा लोकांना छान दिसलं. ११ ऑगस्ट १९९९ ला गुजरातेत ढगांनी बहुतेकांची निराशा केली. २२ जुलै २००९ चं ग्रहण या शतकातलं सगळ्यात लांब, पण सुरतेत ढग, बिहारमधल्या तारेगणाला हजारो लोक जमले तिथेही ढग, आणि वाराणसीत गंगेच्या घाटावरच्यांना मात्र दिसलं! त्याही आधी, १८ ऑगस्ट १८६८ ला जॉन हर्शेल (मोठ्या विल्यम हर्शेलचा पणतू नव्हे, नातवाच्या पिढीतला) जमखंडी संस्थानात दुर्बीण लावून बसला होता. सह्याद्रीच्या पलीकडे पर्जन्यछायेत, म्हणजे जागा बरोबरच. तरी ऑगस्टचे ढग अधूनमधून आडवे आलेच, पण मधल्या फटीत त्याला सौरज्वालांचा वर्णपट मिळाला. या उलट २२ जानेवारी १८९८. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे, म्हणजे आजच्या सीओईपीचे, प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी करमाळ्याजवळ जेऊरला तळ ठोकला. जानेवारीतला दख्खन, यापेक्षा सुरक्षित पैज नाही. हे नायगमवाला म्हणजे १८८८ पासून पुण्यात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा चालवणारे, तिथे वीस इंची परावर्तक दुर्बीण होती. एका इंजिनिअरिंग कॉलेजात! आपण आठ इंचीवर भाव खातो.

आपल्याकडे नक्षत्रांवरून पावसाचा अंदाज बांधायची पद्धत आहेच. सात जूनच्या आसपास मृग, मग आर्द्रा, पुनर्वसूचा 'तरणा', पुष्याचा 'म्हातारा', शेवटी हत्तीचा पाऊस. मला लहानपणी वाटायचं की मृगाचा पाऊस म्हणजे तेव्हा मृग नक्षत्र दिसत असणार. बरोबर उलटं आहे. 'मृग लागला' म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात गेला, म्हणजे ते दिवसा डोक्यावर आणि आपल्याला दिसणं अशक्य. ढग नसते तरी दिसलं नसतं.

पुणे-नाशिक रस्त्याने चाकणहून पुढे गेलात की जुन्नरच्या बाजूला गिरवलीला आयुकाची दोन मीटरची दुर्बीण आहे, २००६ साली सुरू झालेली. मान्सूनमध्ये तिथेही निरीक्षणं बंद ठेवतात. त्यांना जे जमत नाही ते आपल्याला जुलैत जमेल ही आशा सोडा. त्याच रस्त्यावर नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटरच्या तीस तबकड्या आहेत. रेडिओ लहरी ढगांतून आरपार येतात, त्यामुळे ती मंडळी ढगांखालीही काम करतात. त्यांचा शत्रू वेगळा, आपले मोबाइल.

कॉम्प्युटरच्या अंदाजांबद्दल थोडक्यात. अमेरिका-कॅनडात हौशी लोकांसाठी 'क्लिअर स्काय चार्ट' आहे, तासातासाचे निळे-पांढरे चौकोन. निळं म्हणजे चला. आपल्याकडे तो नाही. आपल्याला 'सेव्हन-टायमर' आणि विंडीसारख्या ठिकाणी वेगवेगळ्या मॉडेलचे नकाशे बघता येतात. पाषाणच्या आयआयटीएमने तयार केलेलं 'भारत फोरकास्ट सिस्टिम' मे २०२५ पासून हवामान खात्यात वापरात आलं, त्याची जाळी सहा किलोमीटरची आहे. म्हणजे भोसरी ते चाकण हे अंतर तीनेक चौकोनांत संपलं. एकेका चौकोनात आत काय चाललंय ते मॉडेल सरासरीनेच सांगणार. म्हणून मी आकडा बघत नाही, भांडण बघते. दोन-तीन मॉडेल आज रात्रीबद्दल एकमेकांशी सहमत असतील आणि कालचंच आजही सांगत असतील तर विश्वास. प्रत्येक जण वेगळं बोलत असेल तर कोणाचंच ऐकायचं नाही. मी एक वही केलीय, दुपारी अंदाज लिहायचा आणि रात्री दहाला गच्चीवर जाऊन खरं काय ते लिहायचं. सगळ्यात जास्त मी चुकते तंतुमेघांत.

तर डिसेंबर, मिथुन उल्कावर्षावाची रात्र. सकाळी आठला दवबिंदू नऊ अंश, वारा ईशान्येचा आणि कोरडा. व्हिजिबल चित्र स्वच्छ. मॉडेल एकमताने निरभ्र, फक्त एकाने नऊ ते अकरा वरचे ढग दाखवलेले. साडेअकराला मी मॅडमच्या केबिनमध्ये कागद दिला. लिहिलं होतं, "आज रात्री आकाश स्वच्छ राहण्याची शक्यता ७५ टक्के. अकरापर्यंत पातळ ढग येऊ शकतात."

मॅडम म्हणाल्या, "मी 'होईल' की 'नाही होणार' ते विचारलं होतं."

मी म्हटलं, "मॅडम, नोव्हेंबरात मी शंभर टक्के सांगितलं होतं."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि सही केली. खाली लिहिलं, 'दोन स्टाफ मेंबर सोबत.' त्यातल्या एक त्या स्वतः!

माळावर पोचलो तर साडेनऊला चंद्र-तारे सगळ्यांवर मलमलीचा पदर. मागून कोणीतरी "पुन्हा पराठे खाऊन परत" असं म्हणालंच. मी दर पंधरा मिनिटांनी मोबाइलवर चित्र उघडत होते, पांढरा पट्टा पूर्वेला सरकत होता, पण सरकत होता तो गोगलगायीच्या वेगाने. सव्वाअकराला पश्चिमेची कड सुटली, मग कृत्तिका. मी मोजल्या. सहा. पावणेबाराला पहिली मोठी उल्का गेली, चाकणच्या उजेडावरून थेट डोक्यावर, आणि सगळ्यात मोठ्याने ओरडल्या त्या रेक्टर मॅडम.